फरशी निसरडी नव्हती

सटकन बसली. स्टीलची पट्टी, बोटांवर. चार झाकणं तिरकी लागली माझ्या हातून. चारच! सुपरवायझर सगळ्या लाइनीसमोर बोलला, "वाडीवरची जनावरं. मारल्याशिवाय कळत नाय यांना." कोणतरी हसलं पण. ते हसणं पट्टीपेक्षा जास्त लागलं, खरं सांगते.

मुरबाडची एमआयडीसी, बाटल्या पॅक करायची कंपनी. मी एकोणीस वर्षांची, दहावी पास, वाडीवरून जीपला लटकून यायची. बापाचा पाय मोडलेला. घरात कमावणारी मी एकटी.

बोट फुटलं. बँडेज पाहिजे तर रजिस्टरमधी लिहायचं, कसं लागलं. आणि रजिस्टर कुठं? सुपरवायझरच्याच टेबलावर! तो समोर बसून बघणार.

शेजारी बसणारी शकूमावशी कानात बोलली, "पडली म्हणून लिही गो. सगळी तसंच लिवतात."

मी पानं उलटली. घसरून पडला. घसरून पडली. पानंच्या पानं! शकूमावशीचं पण नाव. घसरून पडली. मी होते ना तिथं! त्यानं खोक्यांवर ढकलली होती तिला.

मी लिहिलं, 'सुपरवायझरने पट्टीने मारले.' खाली सही ठोकली.

मॅनेजरने केबिनमधी बोलावलं. आवाज एकदम गोड. "पान फाड. दुसरं लिही. नोकरी राहील तुझी."

 मी बोलले, "साहेब, एवढी माणसं पडली, फरशी बदलली का तुमी? नाय. कारण तुमाला म्हायतीय, फरशी निसरडी नाय. सुपरवायझरला काढा. आणि रजिस्टर त्याच्या टेबलावरून उचला."

"तू मला शिकवणार?"

"हो."

दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवलं मला. बस, संपलं, असं वाटलं. पण आत, मला नंतर कळलं, शकूमावशीनं रजिस्टर ओढलं, आपल्या नावापुढचं 'घसरून पडली' खोडलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, 'ढकलली.' मग दुसरीनं खोडलं. मग तिसऱ्यानं. मला आत घ्या म्हणून जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांनी मशिनी बंद केल्या. संध्याकाळी मला आत घेतलं.

रजिस्टर आता गेटजवळ असतं, पेन सुतळीनं बांधलेला. सुपरवायझरला मात्र काढला नाय. दुसऱ्या लाइनीवर टाकला फक्त.

म्हणून मी रोज सुटताना त्या लाइनीतल्या पोरींचे हात बघते. लागलेलं दिसलं की पेन हातात देते आणि सांगते,

पडली लिहायचं नाय. कोणी मारलं, त्याचं नाव लिही. तो जाईपर्यंत लिही.