शिंपीकाकांची मोकळी लाईन

शिंपीकाका आमच्या रक्तपेढीत आले की मी आधी त्यांच्या ओठांतली टाचणी काढायला लावायचे. हातातलं शिवण टाकून ते तसेच धावत यायचे. त्यांचा रक्तगट इतका दुर्मिळ, की आमच्याकडे तसला दुसरा माणूसच नव्हता. एक बहीण होती तेवढी जुळणारी. ती गेली आणि काका रक्तानंही एकटे पडले.

आमचा फोन येईल म्हणून ते गाव सोडत नसत. कुणी सहज ख्यालीखुशाली विचारली, तर "लाईन अडकते" म्हणून दोन वाक्यांत वाटेला लावत. हळूहळू लोकांनी फोन करणंच सोडलं. मग मधूनच ते मला फोन करायचे.

"काही नाही गं पोरी, फोन चालू आहे ना बघत होतो."

"काका, त्यापेक्षा चार बटणं लावा की!" मी करवादायचे. कामाच्या गर्दीत मला ते सुचतही नसे, की या माणसाला बोलायला दुसरं कुणीच नाही.

शेजारच्या प्रयोगशाळेत कृत्रिम रक्त बनवत होते. त्याला गटच नाही. कुणालाही चालावं, असा बेत. काकांचं रक्त मात्र भारी खडूस. इतर कुणाचंही रक्त त्यात मिसळलं की गुठळ्या होऊन दाणे धरायचे. म्हणून परीक्षेला तेच हवं होतं. मी फोनवर सगळं सांगितलं.

काकांनी विचारलं, "म्हणजे हे जमलं, की मी लागणार नाही?"

"हो काका."

"येतो."

इस्त्रीचा शर्ट घालून आले. काचेच्या पट्टीवर थेंबात थेंब मिसळला. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. दाणे धरले नाहीत.

"सुटलात काका!" प्रयोगशाळेतले डॉक्टर ओरडले. "माणसांवरच्या चाचण्या होऊ देत, मग तुम्हाला कुणी त्रास देणार नाही."

बोलायची काही पोच! मला असा राग आला त्यांचा. काका मात्र हसले.

"बरं झालं," बाही खाली करत ते म्हणाले. "बहिणीला माझं एकट्याचं पुरलं नव्हतं."

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "फोन चालू आहे ना, बघत होतो."

या वेळी मी करवादले नाही. "काका, जेवलात का? बोला की जरा. मला वेळ आहे."

"नको गं. तुमचं ते रक्त येईस्तोवर कुणाला लागलं तर? लाईन मोकळी हवी."

आणि त्यांनी फोन ठेवला.