ऊन असताना ये

मी स्कॉटलंडला निघाले त्या दुपारी अचानक आभाळ भरून आलं. शिजवलेली हळद अंगणात वाळत पडलेली. मला पलूसच्या स्टँडवर सोडायला जीपमध्ये बसलेले आबा, माझे वडील, तसेच खाली उतरले आणि ताडपत्री ओढायला धावले. "जा तू, हळद भिजंल," एवढंच लांबून ओरडले. हाच निरोप. डोळे भरून आले, पण हळदीच्या घरात आभाळ आलं की माणसं अशीच वागतात.

इकडं गंमतच झाली. आबांचा वैरी असलेल्या त्या आभाळावरच माझं पोट चालू लागलं. मी डोंगर-तळ्यांचे फोटो काढून कॅलेंडरवाल्यांना देते. इथं ऊन कधीतरी पाहुण्यासारखं येतं. ढगाळ उजेडात पांढरं आभाळ चौकटीत जेमतेम ठेवायचं, कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा आणि उजेड सावकाश आत येऊ द्यायचा. ऊन नसलं की शेवाळाचा हिरवा किती गडद दिसतो, हे मी आबांना फोनवर हौसेनं सांगायची. त्यांना माझी कीवच यायची. "आज तरी ऊन पडलं का गं?" हा त्यांचा रोजचा पहिला प्रश्न.

त्यांचं मागणं एकच होतं, आपल्या रानाचा एक फोटो काढ, पण उन्हाळ्यात येऊन काढ. मी यायची जुलैत, कारण माझ्या पोरांच्या शाळेला स्कॉटलंडात तेव्हाच मोठी सुट्टी. दर खेपेला आभाळ गच्च. तरी सगळं कसब लावून मी उसाचे, विहिरीचे, काळ्या रानाचे फोटो काढले. आबा चष्मा लावून बघायचे आणि बाजूला ठेवायचे. "ह्यात रान आजारी दिसतंय. ऊन असताना ये." मग मी त्यांना चांगला उजेड कशाला म्हणतात ते समजावत बसायची.

यंदा एप्रिलात आबा गेले. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. हल्ली आमच्याकडं बरेच जण करतात तसं भावानं त्यांची रक्षा रानातच घालून वर आंब्याचं रोप लावलं होतं. ऊन तर असं, की डोळे उघडवेनात. आईला घेऊन मी बांधावर गेले, कॅमेरा लावला, पण रडू आवरेना. आता हा फोटो कुणासाठी काढू, म्हणून मी आईला विचारलं.

आई रोपाकडं बघत हळू म्हणाली, "त्यास्नी फोटू कुठं पायजे हुता, बाई? रान तर ते रोजच बघत हुतं. उन्हाळ्यात हळदीचं आवरल्यालं असतंय, चार दिस तुज्यासंगं बसाय गावंल, म्हनून म्हनायचं."

मी कॅमेरा पिशवीत घातला आणि ऊन उतरेपर्यंत आईजवळ बसून राहिले. घर म्हणजे आता माझ्यासाठी आई आहे तोवरचे उन्हाळे, आणि तेही पोरांच्या शाळेनं सोडलं तर.