हिवाळ्यात पंप दोनच तास

मी दोन वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. बेलापूरच्या सरकारी कचेरीत तीस वर्षं फायली सरकवलेल्या माणसाला हे काम जड नव्हतं. नोटीस काढायची, खाली सही ठोकायची, लिफ्टशेजारी चिकटवायची. लोक पाठीमागे हसतात हे ठाऊक होतं, पण कारकुनाची कातडी जाडच असते.

त्या वर्षी दिवाळीनंतर स्विमिंग पूलचा पंप माझ्या डोक्यात शिरला. पाणी खेचून गाळून परत सोडणारा हा पंप रोज आठ तास घरघरत असे आणि संध्याकाळी पूलवर चिटपाखरू नसे. मी मोबाईलवर वाचलं, की थंडीत पाण्याला शेवाळ फारसं धरत नाही, तेव्हा पंपाचे तास खुशाल कमी करावेत. ते कुणी तरी बर्फ पडणाऱ्या मुलखातल्या माणसानं लिहिलेलं होतं, याचा विचार मी केला नाही. पुरावा हवा म्हणून पूलची वही मागवली. पाण्यात उतरणाऱ्यानं नाव लिहून सही करायची, हा नियम माझाच. तीन आठवड्यांत एकही सही नव्हती. नोंद नाही म्हणजे माणूसच नाही, हे आमच्या कचेरीतलं ब्रह्मवाक्य. कमिटीनं चहा संपायच्या आत ठराव पास केला. पंप दोन तास.

पंप सांभाळणारा पन्नाशीचा आगरी गृहस्थ जवळच्याच गावातला. सोसायटी उभी राहिली तेव्हापासून ते पाणी तोच राखत आला होता. मी त्याला ठराव वाचून दाखवला.

"साएब, थंडी पेपरान हाय, पान्यान नाय," तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, तू टायमर लाव, बाकीचं मी बघतो. पंधरा दिवसांनी तो परत आला. पायऱ्या बुळबुळीत लागतात, घासल्या तरी दोन दिवसांत पुन्हा तसंच होतं, तळ धुरकट दिसतो, निदान पाच तास तरी करा, असं सांगत होता. मी म्हटलं, डिसेंबर संपू दे, मग बघू. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी सकाळी नऊला घराबाहेर पडायचो आणि सातला परतायचो. त्या अख्ख्या महिन्यात मी एकदाही पूलपाशी जाऊन पाण्यात हात घातला नाही.

वर्ष संपता संपता कचेरीत फोन आला. चौथ्या मजल्यावरचे आजोबा पूलच्या पायरीवरून घसरले, खुबा मोडला. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे तिथं करत काय होते?

ते हॉस्पिटलच्या बाकावर त्यांच्या सुनेकडून कळलं. आजोबा साताऱ्याकडचे. वाशीच्या मार्केटात उभी हयात पाठीवर गोण्या वाहिल्या, आणि म्हातारपणी मणका गेला, गुडघेही गेले. घरात भिंत धरून बाथरूमपर्यंत जायचं तरी घाम फुटायचा. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यात चाला, पाण्यात अंगाचा भार लागत नाही. तेव्हापासून स्वयंपाक आटोपला की सून त्यांना अकराच्या सुमारास खाली न्यायची. कमरेइतक्या पाण्यात ते या कडेपासून त्या कडेपर्यंत तासभर चालायचे. भिंत न धरता, ताठ. दिवसभरात तेवढा एक तास ते स्वतःच्या पायांवर असत, असं ती म्हणाली. तेवढंही नसतं तर केव्हाच अंथरूण धरलं असतं.

मग वहीत नाव का नाही, असं मी विचारलं. त्याही वेळी विचारलं, एवढा मी कारकून. तिनंही त्यांना तेच विचारलं होतं म्हणे. त्यावर सासरे म्हणाले होते, "वहीत पवणाऱ्याचं नाव मागत्यात. मला कुठं पवाय येतंय? मी नुस्ता चालतो. खोटं कशाला लिवायचं?"

रकान्यावर 'पोहणाऱ्याचे नाव' हे मीच पट्टीनं रेघ मारून लिहिलं होतं.

सोसायटीत सगळे त्या आगरी माणसावर तुटून पडले. पायऱ्या घासत नाही, कामचुकार आहे, पगार कशाचा घेतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर सेक्रेटरीच्या खुर्चीत. मीटिंगमध्ये तो माझ्याकडे बघत उभा राहिला आणि मी कागद चाळत राहिलो. दुसऱ्या दिवशी मला न विचारताच त्यानं पंप पुन्हा आठ तासांवर नेला. आठवड्याभरात तळाची एकेक फरशी दिसू लागली.

आजोबांचं ऑपरेशन झालं, पण पायात जोर आला नाही. जखम भरल्यावर डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले, पाण्यात चालवा. आता त्यांना पाण्यापर्यंत नेणंच जमेना. खुर्चीत बसवलं तरी कळ मस्तकात जायची.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी धीर करून त्यांच्याकडे गेलो. पंप त्या माणसानं नाही, मी कमी करायला लावला होता, असं त्यांना सांगितलं. त्यानं सांगूनही मी ऐकलं नाही, हेही सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"बरूबर केलं तुमी," ते म्हणाले. "एका म्हाताऱ्यापायी एवढी मोटार कोण फिरवंल?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तेच मला सोसवेना. सून आत भाकऱ्या थापत होती. पाय अवघडलाय, जरा उचलून बाजूला ठेवा, असं त्यांनी मला सांगितलं. मी दोन्ही हातांनी पाय उचलला. वाळून त्याची काडी झाली होती, तरी जड लागला. कुठं ठेवू ते कळेना, म्हणून तसाच धरून विचारलं.

"ठिवा कुटंबी," ते म्हणाले. "आता चालायचं थोडंच हाय."