टोपीवाल्यांचा दुसरा गडी

आधी एक मूर्खपणा कबूल करते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला फार हुशार समजणार नाही.

आमचे हे अंबडच्या एका कारखान्यात होते. नव्वदच्या आसपास कंपनीने ह्यांना सहा महिने ट्रेनिंगला जपानला पाठवलं. बरोबरच्या लोकांनी येताना कॅमेरे आणले, बायकांना साड्या आणल्या. ह्यांनी आणला व्हिडिओ गेम! एक राखाडी डबा, दोन रिमोट आणि सात कॅसेटी. (कॅसेट नाही, कार्ट्रिज म्हणतात, असं नात सांगते. म्हणू दे. आमच्याकडे त्या कॅसेटीच.) हे आंघोळीला गेले आणि मला दम निघेना. जपानी अ‍ॅडॉप्टरच्या चपट्या पिना आपल्या बोर्डात बसेनात, म्हणून मी मल्टिप्लग लावून त्या बसवल्या. शंभर व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, दोनशे तीसच्या करंटमध्ये! आणि हे करणारी बाई कोण? तर बी.एस्सी. फिजिक्स, शाळेत नववीला विद्युतधारा शिकवणारी.

फट्! धूर, वास. हे टॉवेलवर बाहेर आले.

"काय जळलं?"

"शेजारी दूध उतू गेलं वाटतं," मी म्हटलं.

ह्यांनी अ‍ॅडॉप्टर नाकाला लावला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हैस जपानची दिसते."

ती बाई आज भेटली तर तिला बाकावर उभी करीन. पण डबा वाचला. अंबडमध्येच एका मोटार वाइंडिंगवाल्याकडून ह्यांनी व्होल्टेज कमी करायचा ट्रान्सफॉर्मर बांधून घेतला. विटेएवढा जड, चालू असला की घूं घूं करणारा. अजून चालतो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय, की मी भुताखेतातली बाई नाही. वर्गात कुणी भुताची गोष्ट काढली की मी विचारायचे, "त्याचं वस्तुमान किती? काढ सूत्राने." या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर फक्त हसायला वाचत आले. आता तुम्ही हसा…

त्या सात कॅसेटींच्या पुढे शंभरावर झाल्या. आधी ह्यांच्या ऑफिसातलं कुणी जपानला गेलं की त्याच्याकडून, नंतर इंटरनेटवरच्या जुन्या मालवाल्यांकडून. आमच्या डब्याला फक्त जपानी कॅसेटी चालतात आणि जपानी आम्हा दोघांनाही वाचता येत नाही. सहा महिन्यांत हे फक्त "चहा", "माफ करा" आणि "संडास कुठे" एवढं शिकून आले होते. त्यामुळे कुठल्याच गेमचं खरं नाव आम्हाला माहीत नाही. आमची आम्ही ठेवली – बेडूकवाला, पहिलवान, सासूची गाडी. सगळ्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या घड्यांमध्ये, प्रत्येक रांगेला डांबरगोळी. नणंद म्हणायची, "वहिनी, येवल्याची पैठणी खाली आणि प्लास्टिकची खोकी वर? धन्य आहात." मी म्हणायचे, "पैठणी वर्षातून एकदा नेसते गं. हे रोज लागतं."

आणि खरंच रोज लागायचं. दुपारी चार वाजता चहा आणि टोपीवाले. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाहुणे असोत, सुतक असो – चार म्हणजे चार. टोपीवाले म्हणजे दोघांनी मिळून खेळायचा गेम. एक लाल टोपी, एक निळी. डोंगरातून जायचं, खड्डे ओलांडायचे, वरून धोंडे येतात ते चुकवायचे. लाल मी, निळी हे. प्रत्येकाला पाच जीव. माझे संपले की पडद्यावर जपानीत काहीतरी यायचं आणि नऊ, आठ, सात असे आकडे उतरायला लागायचे. एकदा घाबरून मी स्टार्टचं बटण दाबलं आणि जिवंत झाले! नंतर कळलं की त्या बटणाने जोडीदाराचा एक जीव आपल्याला मिळतो. झालं. तेव्हापासून तीस वर्षं मी ह्यांचे जीव उचलत आले.

"चोर आहेस," हे म्हणायचे.

"घरातल्या घरात चोरी नसते. बदली असते."

हे कधी माझा घ्यायचे नाहीत. खेळायचेही असे की बघवत नसे. खड्डा आला की आधी थांबायचं, मग जागच्या जागी दोन छोट्या उड्या मारायच्या, आणि मग खरी उडी. "रन-अप घेतो," म्हणायचे. जागच्या जागी कसला रन-अप! वर मी मागे राहिले की पुढे जायचेच नाहीत. उभे. धोंडा डोक्यात पडला तरी उभे. मी ओरडायचे, "अहो, व्हा ना पुढे!" तर म्हणायचे, "तू ये."

मागच्या वर्षी दिवाळीनंतर ह्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलात आयसीयूमध्ये होते. आत भेटायच्या वेळा दोन – सकाळी अकरा ते बारा, संध्याकाळी पाच ते सहा. बाकी वेळ बाहेरच्या खुर्च्यांवर बसून काचेच्या दाराकडे बघायचं. डॉक्टर रोज एकच वाक्य म्हणायचे, "वाट बघू." मी आत गेले की हे माझ्याकडे बघायचे. ओठ हलायचे, आवाज नाही. मी मेली बडबडी, मला त्यांच्या वाटचंही बोलायची सवय, पण तिथे मी नुसती ह्यांची चादर सारखी करत राहायचे.

अठराव्या दिवशी माझा मुलगा केदार म्हणाला, "आई, तू दुपारी घरी जा. मी आहे इथे. जरा पड, चारला चहा घे, पाचला ये."

त्याने चार हा आकडा उच्चारायला नको होता.

घरी आले. पडले, पण झोप कसली. चार वाजले. चहा टाकला तर दोन कप टाकला. एक कप ओट्यावर तसाच राहिला आणि मला ती खोली, ते घड्याळ, काही सोसेना. नवरा आयसीयूत आणि बायको व्हिडिओ गेम खेळतेय, असं कुणी बघितलं असतं तर इंदिरानगर सोडून जावं लागलं असतं. पण मी लावला. ट्रान्सफॉर्मर घूं घूं करायला लागला. टोपीवाल्यांची कॅसेट स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, घातली. एकच रिमोट जोडला. दुसरा वायर गुंडाळून कपाटात ठेवलेला होता, ते मी स्वतः केलं होतं. पडद्यावर वरची ओळ एकट्याची, खालची दोघांची, एवढं अक्षर न येताही पाठ. वरची निवडली.

डाव सुरू झाला. लाल टोपी आली. तिच्या शेजारी निळी.

सवयीने खालची ओळ दाबली गेली असेल, असं मला वाटलं. हरकत नाही, रिमोटच नाही तर ती नुसती उभी राहील. मी चालायला लागले. निळी माझ्यामागून चालायला लागली.

मी रिमोट बाजूला ठेवला. उठले, डब्याजवळ वाकून बघितलं. दुसरं भोक रिकामं. बोट घालून बघितलं – हसू नका – रिकामं. मग सगळी शास्त्रीय कारणं आठवली. जुनी कॅसेट, खराब कॉन्टॅक्ट, नमुन्याचा खेळ, म्हणजे डेमो, आपोआप चालू झाला असेल. परत बसून रिमोट घेतला, पुढे चालले, तर पहिला खड्डा आला. निळी टोपी थांबली. जागच्या जागी दोन छोट्या उड्या. मग खरी.

मी पडद्याच्या जवळ सरकले.

वर कोपऱ्यात जीव दिसतात. माझे पाच. निळीचा एक. नव्या डावात दोघांना पाच असतात, हे मी तीस वर्षं बघितलंय. एक.

बंद करावं? बंद केलं आणि काही झालं तर? डाव मधेच थांबवून ठेवावा? तर निळीला किती वेळ असं धरून ठेवायचं? मी भुताचं वस्तुमान विचारणारी बाई, एका बटणाला घाबरून बसले होते. शेवटी खेळत राहिले. पण डोळे सगळे निळीकडे, त्यामुळे दुसऱ्या खड्ड्यात पडले, पुन्हा पडले, मग धोंडा, मग आणखी एक. दहा मिनिटांत माझे पाचही संपले.

ती जपानी ओळ आली. नऊ. आठ.

अंगठा आपोआप स्टार्टवर गेला होता. तीस वर्षांची सवय! मी अंगठा उचलला आणि रिमोट सोफ्यावर लांब ठेवला. सात. सहा. मला एवढंच कळत होतं की तो एक मी घ्यायचा नाही. बाकी काही कळत नव्हतं. तीन. दोन. शून्य. लाल टोपी गेली.

आता पडद्यावर निळी एकटी. आणि ती उभी. शेवटचा मोठा खड्डा समोर, वरून धोंडे यायला लागलेले, आणि ही उभी, तोंड मागे, मी जिथे संपले तिकडे. शून्य झाल्यावरही मला आत जाता येत होतं, पण ते फक्त स्टार्ट दाबून. म्हणजे तिचा जीव घेऊन. नाही दाबलं तर धोंडा. माझ्या हातात काही नव्हतं हो. खरंच काही नव्हतं. एक धोंडा शेजारी पडला. दुसरा त्याहून जवळ.

मी ओरडले. बंद घरात, टीव्हीवर, एकोणसत्तर वर्षांची बाई. "अहो, थांबू नका! तुम्ही व्हा पुढे! मी आलेच!"

निळी टोपी वळली. दोन छोट्या उड्या. मग एक मोठी. तो खड्डा ह्यांना एकट्याने कधी जमला नव्हता. त्या दिवशी जमला. पलीकडे पोचून ती चालत चालत पडद्याच्या उजव्या कडेने निघून गेली. नंतर नुसता डोंगर आणि ते किरकिरं गाणं.

फोन वाजला. चार पस्तीस. केदार होता. "आई… ये."

मी पोचेपर्यंत हे गेले होते.

त्यानंतर किती वेळा लावला म्हणून सांगू. एक रिमोट, वरची ओळ, चार वाजता. लाल टोपी एकटी येते. केदारला सांगितलं तर त्याने कॅसेट उघडली, मीटर लावला, इंटरनेटवर दोन आठवडे डोकं घातलं आणि म्हणाला, "आई, तू दमली होतीस." असेन. पण दमलेल्या बाईला खड्डा दिसेल, तिला त्या दोन उड्या कशा दिसतील? आणि खरं विचाराल तर मला ते कोडं सोडवायचंच नाहीये. मला दुसरंच खातंय. मी स्टार्ट दाबलं नाही ते बरोबर केलं का? की "व्हा पुढे" म्हणून मीच त्यांना धाडलं? गप्प बसले असते तर ते थांबले असते का – तासभर, रात्रभर, पाचच्या भेटीपर्यंत तरी? फिजिक्समध्ये याला सूत्र नाही. कुणाकडे असेल तर कळवा.

एक राहिलं. त्या संध्याकाळी मी आयसीयूच्या बाहेर ह्यांचा चष्मा आणि पायताणाची पिशवी घेऊन बसले होते. आतली सिस्टर बाहेर आली – दिंडोरीकडची, विशीची पोरगी, ह्यांचं सगळं तीच करायची. माझ्यासमोर उकिडवी बसली. मी घरी काय करत होते ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तोवर मी ते केदारलाही सांगितलं नव्हतं. इकडेतिकडे बघून ती हळूच म्हणाली:

"आजी, रागावू नका, पण बाबांची वाचा गेली असं फाईलमध्ये लिहिलंय ना? मग जायच्या जरा आधी मी सलाईन बघत होते, तर ते भिंतीकडे बघून एकदम साफ बोलले. 'बरं, ये सावकाश.'"