कोवळ्या दुधीला बोट

परदेशातल्या आमच्या वस्तीत सगळ्यांनी मिळून कसायची शेती आहे. तिच्या कुंपणाबाहेर एक चिनी आजी रोज येऊन उभ्या राहतात. मी खुणेनं आत बोलावलं की दोन पावलं मागे सरकतात.

"आई घाबरतात," एकदा सोबत आलेली त्यांची सून म्हणाली. "इथली भाषा येत नाही, कुणी हटकलं तर काय सांगणार?"

ही भीती माझ्या ओळखीची. इथं नवी असताना दाराची बेल वाजली की मी श्वास रोखून बसायचे.

आज मी त्यांना मांडवावरचा कोवळा दुधी दाखवला, सरळ बोट रोखून. तशा त्या किंचाळल्याच! फाटक ढकलून धावत आत आल्या आणि माझं बोट त्यांनी मुठीत गच्च दाबून धरलं. मला एकदम आई आठवली. "बोट नको गं दाखवूस, कुजेल तो!" म्हणत तीही अशीच झडप घालायची.

स्वतःसाठी घाबरलेलं माणूस मागे सरतं. कोवळ्या जिवासाठी घाबरलं की तेच पुढे धावत असेल का?

मग आपण कुंपणाच्या आत आहोत हे आजींच्या ध्यानात आलं. त्या भेदरून फाटकाकडे बघू लागल्या. माझं बोट मात्र त्यांनी सोडलं नाही.