कुलपाआडच्या अक्का

अक्का दिवसातून कितीतरी वेळा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली हाक मारत, "आहेस का गं?" काम काहीच नसे. मी "आहे, अक्का" म्हटलं की इथल्या कन्नडातलं "सरी", म्हणजे बरं, म्हणून आत जात. उत्तर मिळेपर्यंत मात्र हाका थांबत नसत. लग्न होऊन पुण्याहून बेंगळुरूच्या इंदिरानगरात नुकतीच आलेली मी. आधी मला त्याचा वैताग यायचा.

मग त्यांनीच एकदा शेंगा सोलताना सांगितलं. किल्लारीच्या भूकंपात त्यांचं शेजारच्या गावातलं घर पडलं. दगडमातीच्या भिंतीखाली त्या एकीकडे, यजमान पलीकडे. दिसत काही नव्हतं. "मी विचारायची, आहात का? ते म्हणायचे, आहे. उजाडल्यावर नुसतं हुं म्हणू लागले. मग तेही नाही." दुपारी लोकांनी एकट्या अक्कांना जिवंत बाहेर काढलं.

धाकटे भाऊ मुकुंदराव त्यांना बेंगळुरूला घेऊन आले. ते भूशास्त्रज्ञ. अक्का त्यांना पुन्हापुन्हा विचारत, "आपल्याकडं कसा रे झाला?" ते न कंटाळता समजावत, "भारताची जमीन उत्तरेला सरकतेय अक्का, तिकडं आशियाला रेटतेय. तो ताण इथल्या खडकांतही साठतो. जुनी भेग असेल तिथं सुटतो. धक्का तसा मध्यम होता, पण फार खोलातून आला नाही, म्हणून एवढा जाणवला. त्यात भिंती जड."

"म्हणजे रेटा हिमालयाकडं, आणि घर माझं," अक्का म्हणत.

एकदा शेतं बघायला म्हणून त्या चालत शहराबाहेरच्या मारतहळ्ळीपर्यंत गेल्या आणि वाट चुकल्या. कन्नड त्यांना 'स्वल्प'च येई. एका भाजीवालीनं रिक्षातून आणून सोडलं. त्या दिवसापासून मुकुंदराव ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावू लागले. "कुठं हरवली तर मी कुणाला तोंड दाखवू?" एवढंच मला म्हणाले. अक्का गॅलरीच्या गजांना धरून उभ्या राहत.

एका दुपारी आमच्या गल्लीत रस्ता फोडायचं यंत्र आलं. भांडी खणखणली, जमीन थरथरली, आणि वरून किंकाळी ऐकू आली. मी धावत वर गेले. अक्का आतून दार बडवत होत्या. किल्ली माझ्याकडे नव्हती. तळमजल्यावरच्या शेजारी अण्णांना मुकुंदरावांच्या ऑफिसात फोन करायला पाठवलं, यंत्र थांबवायला सांगितलं आणि मी उंबऱ्याशी बसले.

"आहेस का गं?"

"आहे अक्का. इथंच आहे."

किती वेळ आम्ही हेच बोलत होतो. मुकुंदराव धावत जिना चढून आले आणि त्यांनी कुलूप काढलं. दार उघडलं तशा अक्का जिन्यात येऊन बसल्या. नखांतून रक्त आलं होतं.

"मुकुंदा," त्या शांतपणे म्हणाल्या, "भीती तुला वाटते, आणि कोंडून मला ठेवतोस? मला गावी सोड."

"तिथं पत्र्याच्या शेडी आहेत गं. जमीन अजून अधूनमधून हलते."

"हलू दे. हललं की बाहेर तरी पळता येईल."

मुकुंदराव पायरीवर बसून रडले. आठवड्याभरात त्यांनी अक्कांना गावी पोचवलं. निघताना अक्कांनी सोललेल्या शेंगांचा डबा माझ्या हातात दिला आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

पुढच्या उन्हाळ्यात मुकुंदराव अक्कांच्या नव्या घराचा नकाशा घेऊन गावी गेले. परत आले ते उन्हानं रापून. मी विचारलं, "अक्कांना पसंत पडला का नकाशा?"

"भिंती हलक्या आहेत ना, एवढंच विचारलं," ते म्हणाले. "मग म्हणाली, अजून एक खोली काढ. म्हातारपणी तू कुठं जाशील?"