गच्चीवरचा तवा आणि मामाचं नाक

पाडवा जवळ आला की दारचा कडुलिंब फुलतो आणि माझं नाक गळायला लागतं. शिंक एकटी कधी येत नाही, भावंडांना घेऊन येते. घरच्यांना त्याची सवय झालीय. पण यंदा भाचीचं लग्न ऐन चैत्रात निघालं, अंबडला. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागं मामानं उभं राहायचं, हा आमच्याकडचा मान. आणि शुभकार्यात शिंक म्हणजे अपशकुन.

अक्कानं, म्हणजे नवरीच्या आईनं, फोनवर साफ सांगितलं, "हे बघ, तुझं नाक बराबर झालं न्हाई, तर मी धाकट्याला उभं करीन. मंग रुसायचं न्हाई."

आमच्या धाकट्या भावाला जन्मात सर्दी झालेली नाही, आणि तो ते सांगतही असतो.

मी तयारीला लागलो. हवेतले पराग बाधतात म्हणून डॉक्टरांनी गोळ्या आणि नाकात मारायचा फवारा दिला. मी झोपायच्या खोलीच्या खिडक्या लावल्या, फटींत फडकी कोंबली. तरी सकाळी उठलो की सलामी सुरूच. सगळं बंद, मग हे येतंय कुठून? नाकापेक्षा हा प्रश्नच मला जास्त छळायला लागला.

शेवटी मी भाकरीच्या तव्याला तेल चोपडून तो गच्चीवर ठेवला. काळ्यावर पिवळं दिसेल, तेलाला चिकटेल, एवढीच माझी विद्या. दुसरा, जुना तवा तसाच बंद खोलीत कपाटावर.

"अहो, तवा कुठंय?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"गच्चीवर."

"गच्चीवर काय करून राह्यलाय तो?"

"पराग धरून राह्यलाय."

आतून पिठाचा डबा आपटल्याचा आवाज आला. मग, "जेवायलाबी परागच घ्या आज."

दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या तव्यावर पिवळसर भुकटी होती. ते ठीक. पण खोलीतल्या तव्यावरही तीच! मी भिंग लावून बघत होतो, तेवढ्यात बायको गच्चीवरून गोधड्यांचा ढीग घेऊन आली. गोधड्यांना रोज कडक ऊन दाखव, धूळ नको, हे फर्मान माझंच. गच्चीवरची दोरी मात्र थेट लिंबाच्या फांद्यांखाली. तिनं ढीग पलंगावर टाकला, कवडशात पिवळा धुरळा उठला, आणि मी एकामागून एक पुरावे दिले.

"म्हंजे रोज तुमच्या उशाशी मीच आणून राह्यले?"

"माझ्याच हुकमानं," मी नाक धरून म्हणालो.

तेव्हापासून गोधड्या घरातच, पंख्याखाली. नाक बरंच निवळलं. दोष लिंबाचा की नाल्याकाठच्या वेड्या बाभळीचा, हे अजून कळलेलं नाही. जाता-येता मी दोघांकडंही संशयानं बघतो.

लग्नात अक्का माझ्या तोंडाकडं न बघता नाकाकडंच बघत होती. धाकटा फेटा बांधून जवळच उभा, तयारीत. हळदीच्या पिवळ्या अक्षता अंगावर पडायला लागल्या आणि त्यांचा रंग बघूनच माझं नाक हुळहुळलं. श्वास रोखला. अंतरपाट खाली आला, बँड दणाणला, तेव्हा कुठं मी शिंक रुमालात सोडली.

भाचीनं मान न वळवता विचारलं, "मामा, किती?"

"एकच."

"मंग चालतंय," म्हणाली, आणि तिनं हार वर उचलला.